मिथेनचे ऑक्सिडीकारक युग्मन व त्याची गतिकीय प्रतिमाने

मिथेनचे ऑक्सिडीकारक युग्मन ही मिथेन व ऑक्सिजन यांच्या मिश्रणापासून, घन उत्प्रेरकाच्या साहाय्याने, एथेन व एथिलीन ही दोन कार्बन अणू असलेली संयुगे थेट मिळवण्याची रासायनिक प्रक्रिया होय. ती साधारणतः ७०० ते ९०० अंश सेल्सियस तापमानाला घडवून आणली जाते. १९८२ पासून या प्रक्रियेसाठी शेकडो उत्प्रेरक तपासले गेले, तरी नेहमीच्या पद्धतीच्या अभिक्रियापात्रात एका फेरीत मिळणारा द्विकार्बनी संयुगांचा उतारा २५ ते ३० टक्क्यांच्या पुढे फारसा सरकला नाही. हा अडसर कोठे आहे आणि तो कितपत दूर करता येईल, हे समजून घेण्याचे प्रमुख साधन म्हणजे गतिकीय प्रतिमान. अभिक्रियेतील प्रत्येक टप्प्याचा वेग तापमान, दाब व घटकांचे प्रमाण यांवर कसा अवलंबून असतो, हे सांगणाऱ्या समीकरणांच्या संचाला गतिकीय प्रतिमान असे म्हणतात.

पार्श्वभूमी

मिथेन हा नैसर्गिक वायूचा मुख्य घटक आहे. जगात त्याचा बराचसा वापर इंधन म्हणून होतो. तेलविहिरींतून खनिज तेलाबरोबर बाहेर पडणारा वायू वाहून नेण्याची सोय नसेल तेथे तो जागच्या जागी जाळून टाकला जातो. अशा रीतीने जगभरात दरवर्षी सुमारे १४० ते १५० अब्ज घनमीटर वायू जाळला जातो. तो न जाळता तसाच हवेत सोडणे अधिक घातक ठरते, कारण वीस वर्षांच्या कालावधीचा विचार केल्यास मिथेनचा तापवर्धक परिणाम तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ८० पट असतो. हा वायू विहिरीजवळच एखाद्या उपयुक्त व सहज वाहून नेता येण्याजोग्या पदार्थात बदलता आला, तर इंधनाची नासाडी आणि हवेचे प्रदूषण दोन्ही टळतील, हा या संशोधनामागील मूळ हेतू आहे.

एथिलीन हा असा पदार्थ आहे. पॉलिथिन, पीव्हीसी, पॉलिएस्टर धाग्यासाठी लागणारे ग्लायकॉल अशा अनेक वस्तूंचा तो कच्चा माल असून त्याचे जागतिक उत्पादन वर्षाला १५ कोटी टनांहून अधिक आहे. सध्या ते नॅफ्था किंवा एथेन यांचे उच्च तापमानाला भंजन करून मिळवले जाते. महाराष्ट्रातील उदाहरण पाहिल्यास हा फरक स्पष्ट होतो. मुंबई हाय क्षेत्रातून उरण येथे येणाऱ्या वायूतून एथेन व प्रोपेन वेगळे काढून नागोठण्याच्या प्रकल्पात त्यांपासून एथिलीन बनवता येते. वायूचा मोठा भाग असलेला मिथेन मात्र या वाटेने जाऊ शकत नाही. त्याच्या वाट्याला चूल, वीजनिर्मिती किंवा थळ येथील कारखान्याप्रमाणे खतनिर्मिती येते.

मिथेनपासून रसायने बनवण्याचा प्रचलित मार्ग अप्रत्यक्ष आहे. प्रथम निकेलयुक्त उत्प्रेरकावर वाफेशी संयोग घडवून कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन यांचे मिश्रण, म्हणजे संश्लेषण वायू, तयार करतात. त्यापासून पुढे अमोनिया, मिथेनॉल किंवा द्रव इंधने मिळवतात. हा मार्ग विश्वासार्ह असला, तरी पहिल्या टप्प्यात उष्णता फार लागते आणि प्रकल्प मोठा असल्याखेरीज परवडत नाही. ऑक्सिडीकारक युग्मनाचे आकर्षण असे की ते एकाच टप्प्यात होते आणि त्यातून उष्णता बाहेर पडते. मिथेनचे दोन रेणू व ऑक्सिजनचा एक रेणू यांपासून एथिलीनचा एक रेणू व पाण्याचे दोन रेणू तयार होताना सुमारे २८० किलोजूल प्रति मोल उष्णता मोकळी होते.

मिथेनचा रेणू फार स्थिर असतो. मध्ये कार्बन, भोवती चार हायड्रोजन अणू, आणि प्रत्येक बंध तोडण्यासाठी ४३९ किलोजूल प्रति मोल ऊर्जा. एथेनमधील तसाच बंध सुमारे ४२० किलोजूलमध्ये तुटतो. आकड्यांतील हा किरकोळ वाटणारा फरक या संपूर्ण विषयाच्या मुळाशी आहे. मिथेनला डिवचण्याइतकी तीव्र परिस्थिती निर्माण केली, की त्यापासून तयार झालेले एथेन त्याहून लवकर डिवचले जाते.

इतिहास

१९८२ मध्ये युनियन कार्बाइड या कंपनीतील जॉर्ज केलर व मदन भसीन यांनी अनेक धातूंची ऑक्साइडे तपासून त्यांपैकी काहींवर मिथेनपासून एथेन व एथिलीन मिळते, असे प्रसिद्ध केले. त्यांच्या पद्धतीत मिथेन व ऑक्सिजन एकाच वेळी न सोडता आळीपाळीने सोडले जात. ऑक्सिजनच्या पाळीत ऑक्साइड भरून घ्यायचे, मिथेनच्या पाळीत ते खर्ची पडू द्यायचे, अशी ही योजना होती. या निबंधापासून या विषयाचा आरंभ मानला जातो. १९८५ मध्ये अमेरिकेतील टेक्सस ए अँड एम विद्यापीठातील जॅक लन्सफर्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी लिथियम मिसळलेल्या मॅग्नेशियम ऑक्साइडवर दोन्ही वायू एकत्र सोडून चांगली निवडकता मिळवली. पुढील दहा वर्षांत या विषयावर निबंधांचा पूर आला. लिथियम उच्च तापमानाला हळूहळू उडून जात असल्याने तो उत्प्रेरक टिकाऊ ठरला नाही. १९९२ च्या सुमारास चीनमधील संशोधकांनी सिलिकावर मँगॅनीज व सोडियम टंगस्टेट बसवलेला उत्प्रेरक पुढे आणला. तो आजही मानदंड समजला जातो. लँथॅनमसारख्या विरल मृदा धातूंची ऑक्साइडे हे तिसरे महत्त्वाचे कुल होय.

अभिक्रियेची यंत्रणा

उत्प्रेरकाच्या पृष्ठभागावरील सक्रिय ऑक्सिजन मिथेनमधील एक हायड्रोजन अणू ओढून घेतो. उरलेला मिथिल मुक्त मूलक पृष्ठभागाला चिकटून न राहता वायूत निसटतो. तेथे असे दोन मूलक एकत्र येऊन एथेन तयार होते. एथेनमधून हायड्रोजन निघून गेला की एथिलीन मिळते. पृष्ठभागावर जमा झालेला हायड्रोजन पाण्याच्या रूपाने बाहेर पडतो आणि रिकामी झालेली ऑक्सिजनची जागा वायूतील ऑक्सिजन पुन्हा भरून काढतो.

या चित्राला प्रयोगाचा आधार आहे. लन्सफर्ड यांच्या प्रयोगशाळेत उत्प्रेरकावरून निघालेला वायू अतिशीत पृष्ठावर गोठवून त्यातील मिथिल मूलक प्रत्यक्ष ओळखण्यात आले. साधे मिथेन व ज्यातील सर्व हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम आहे असे मिथेन एकत्र सोडले असता तिन्ही प्रकारचे एथेन मिळते: पूर्ण साधे, पूर्ण ड्युटेरियमयुक्त आणि अर्धे-अर्धे. मूलक मुक्तपणे फिरत जोड्या जमवत असल्याचे हे लक्षण आहे. शिवाय ड्युटेरियमयुक्त मिथेन सावकाश बदलते. यावरून कार्बन व हायड्रोजन यांच्यातील बंध तुटणे हा वेग ठरवणारा टप्पा आहे, असे अनुमान निघते.

म्हणजे ही अभिक्रिया अर्धी घन पृष्ठावर आणि अर्धी वायूत घडते. उत्प्रेरक मूलक निर्माण करून देतो, पुढे वायूत त्यांचे काय होते यावर त्याचा ताबा फारसा राहत नाही. मिथिल मूलकाला दुसरा मिथिल मूलक भेटला तर एथेन बनते, ऑक्सिजन भेटला तर अखेरीस कार्बन मोनॉक्साइड व कार्बन डायऑक्साइड बनतात. पहिल्या प्रकारात दोन मूलक लागत असल्याने त्याचा वेग मूलकांच्या प्रमाणाच्या वर्गाशी सम प्रमाणात असतो, दुसऱ्याचा वेग केवळ पहिल्या घाताशी. त्यामुळे मूलक विरळ असतील तर ते बहुधा जळतात, दाट असतील तर जोडले जातात. मंद उत्प्रेरक वापरून निवडकता वाढवता येईल ही भाबडी अपेक्षा येथे उलटते.

रूपांतर, निवडकता आणि उतारा

मिथेनचे १०० रेणू अभिक्रियापात्रात गेले, त्यांपैकी ३० बदलले आणि त्या ३० पैकी २४ रेणूंतील कार्बन एथेन व एथिलीनमध्ये गेला, तर रूपांतर ३० टक्के, निवडकता ८० टक्के आणि उतारा २४ टक्के असे म्हणतात. उतारा हा रूपांतर व निवडकता यांचा गुणाकार होय. (‘उतारा’ हा शब्द साखर कारखान्यांमुळे मराठी वाचकाच्या चांगल्या ओळखीचा आहे. इतका नेमका शब्द हाताशी असताना नवा घडवण्याचे कारण दिसत नाही.)

युग्मनात रूपांतर वाढवावे तसतशी निवडकता घसरत जाते. याचे कारण समजण्यासाठी एक साधे गणित पुरेसे आहे. कच्चा माल, त्यापासून हवे असलेले उत्पादित आणि त्या उत्पादितापासून नको असलेले उत्पादित, अशी दोन टप्प्यांची साखळी घ्यावी व दोन्ही टप्प्यांचे वेग त्या त्या पदार्थाच्या प्रमाणाशी सम प्रमाणात मानावेत. आरंभी हवे ते उत्पादित वाढत जाते, एका क्षणी कमाल पातळी गाठते आणि मग ते तयार होण्यापेक्षा नष्ट अधिक होऊ लागते. ही कमाल पातळी केवळ दोन वेगस्थिरांकांच्या गुणोत्तरावर ठरते. दुसरा टप्पा पहिल्याच्या दहापट मंद असेल तर कमाल उतारा ७७ टक्के येतो. निम्म्या वेगाचा असेल तर ५० टक्के, समान वेगाचा असेल तर ३७ टक्के आणि दुप्पट वेगाचा असेल तर केवळ २५ टक्के.

उत्प्रेरक दुप्पट घातला, तर दोन्ही टप्पे दुप्पट वेगाने होतात, कमाल पातळी निम्म्या वेळात गाठली जाते, परंतु तिची उंची तीच राहते. उंची वाढवायची असेल तर गुणोत्तर बदलले पाहिजे. उत्प्रेरण क्षेत्रात गतिकीय प्रतिमान हवे ते यासाठी: कोणत्या टप्प्याचा वेग कशाने बदलतो हे टप्प्याटप्प्याने कळल्याशिवाय गुणोत्तराला हात घालता येत नाही.

गतिकीय प्रतिमानांचे प्रकार

सर्वांत साधे प्रतिमान घातांकी नियमाचे असते. त्यात वेग हा प्रत्येक घटकाच्या आंशिक दाबाच्या काही घाताशी सम प्रमाणात मानून ते घात प्रयोगावरून काढले जातात. या घातांना अभिक्रियेची कोटी म्हणतात. दुसऱ्या प्रकारात पृष्ठभागावरील जागा मर्यादित असतात व रेणू त्यांसाठी स्पर्धा करतात, ही लँगम्यूर यांची कल्पना वापरली जाते. समीकरणाच्या छेदात त्या स्पर्धेचे पद येते. हॉगन व वॉटसन यांच्या नावाने ओळखली जाणारी समीकरणे या प्रकारची होत. ऑक्साइड स्वतःचा ऑक्सिजन देते व मागाहून भरून घेते, हे गृहीत धरणारे मार्स व व्हॅन क्रेव्हेलेन यांचे १९५४ चे प्रतिमानही याच वर्गात मोडते. तिसरा प्रकार सूक्ष्मगतिकीय प्रतिमानांचा. त्यात प्रत्येक मूलकाची निर्मिती, टक्कर व विनाश यांची स्वतंत्र समीकरणे मांडून ती सर्व संगणकाने एकाच वेळी सोडवली जातात.

तापमानाचा परिणाम तिन्हींमध्ये अऱ्हेनियस यांच्या १८८९ च्या समीकरणाने धरला जातो. टप्प्याची सक्रियण ऊर्जा जितकी मोठी, तितका त्याचा वेग तापमानाबरोबर झपाट्याने वाढतो.

लँथॅनम-कॅल्शियम ऑक्साइडवरील दहा टप्प्यांचे प्रतिमान

अभियंत्यांनी सर्वाधिक वापरलेले प्रतिमान जर्मनीतील श्टान्श, म्लेच्को व बेर्न्स यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केले. कॅल्शियम ऑक्साइडवरील लँथॅनम ऑक्साइड या उत्प्रेरकावर ७०० ते ९५५ अंश सेल्सियस या पल्ल्यात, मिथेन व ऑक्सिजन यांचे दाब बदलून त्यांनी मोजमापे घेतली आणि ती दहा टप्प्यांत बसवली. त्यांपैकी तीन प्राथमिक आहेत: मिथेनचे पूर्ण ज्वलन होऊन कार्बन डायऑक्साइड बनणे, मिथेनचे युग्मन होऊन एथेन बनणे, आणि मिथेनचे अर्धवट ऑक्सिडीकरण होऊन कार्बन मोनॉक्साइड बनणे. उरलेले सात टप्पे त्यानंतरचे आहेत. एथेनपासून ऑक्सिजनच्या मदतीने व उष्णतेने असे दोन मार्गांनी एथिलीन होणे, एथिलीनचे ऑक्सिडीकरण, वाफेमुळे एथिलीनचे विघटन, कार्बन मोनॉक्साइडचे ज्वलन, आणि कार्बन मोनॉक्साइड व वाफ यांच्यातील दुतर्फा विनिमय. मोजलेली व गणिताने काढलेली मूल्ये सरासरी २० टक्क्यांच्या आत जुळली. प्रयोगशाळेबाहेरील वाचकाला ही तफावत मोठी वाटेल, पण इतक्या विस्तृत पल्ल्यावर दहा टप्पे एकत्र बसवताना ती समाधानकारक समजली जाते.

या प्रतिमानाचे मोल त्यातील काही मोजक्या आकड्यांत आहे. तीन प्राथमिक टप्प्यांच्या सक्रियण ऊर्जा अनुक्रमे सुमारे ४८, १८२ व ६८ किलोजूल प्रति मोल येतात. म्हणजे हव्या असलेल्या युग्मनाची ऊर्जा दोन्ही नको असलेल्या टप्प्यांपेक्षा खूप मोठी आहे. या आकड्यांवरून अऱ्हेनियसच्या समीकरणाने हिशेब केला, तर तापमान ७०० वरून ८०० अंशांवर नेल्यास युग्मनाचा वेगस्थिरांक सुमारे आठपट होतो, पूर्ण ज्वलनाचा १.७ पट व अर्धवट ऑक्सिडीकरणाचा २.२ पट होतो. तापमान वाढवले की जळण्याचे प्रमाण वाढेल, ही सहजबुद्धीची समजूत येथे चुकीची ठरते. भट्टी गरम ठेवणे युग्मनाच्या हिताचे आहे.

हे हित अमर्याद नाही. याच प्रतिमानात वाफेमुळे एथिलीनचे विघटन होण्याच्या टप्प्याची सक्रियण ऊर्जा सुमारे ३०० किलोजूल प्रति मोल आहे. त्यामुळे तापमान आणखी चढवत गेल्यास हा टप्पा युग्मनालाही मागे टाकतो आणि कमावलेले एथिलीन पुन्हा संश्लेषण वायूत जाते. इष्टतम तापमान या दोन ओढींच्या मध्ये कोठेतरी असते आणि ते नेमके कोठे, हे समीकरणे सोडवूनच कळते.

दुसरी शिकवण ऑक्सिजनविषयी आहे. ऑक्सिजनच्या दाबाचा घात युग्मनासाठी ०.४०, पूर्ण ज्वलनासाठी ०.७६ आणि अर्धवट ऑक्सिडीकरणासाठी ०.८५ असा येतो. छेदातील पदे क्षणभर बाजूला ठेवली, तर ऑक्सिजन निम्मा केल्यास युग्मनाचा वेग सुमारे २४ टक्क्यांनी घटतो, पण पूर्ण ज्वलनाचा ४१ टक्क्यांनी व अर्धवट ऑक्सिडीकरणाचा ४५ टक्क्यांनी घटतो. ऑक्सिजन सर्वत्र अल्प राखणे फायद्याचे, असा याचा अर्थ. परंतु एकूण ऑक्सिजनच कमी दिला तर मिथेनचे रूपांतर थांबते. या दोन्ही गोष्टी साधण्याचा उपाय प्रतिमानातूनच सुचतो: सगळा ऑक्सिजन तोंडाशी एकदम न देता पात्राच्या लांबीवर थोडा थोडा सोडावा. सच्छिद्र सिरॅमिक नळीच्या भिंतीतून ऑक्सिजन झिरपू देणारी पात्रे या विचारातून पुढे आली. शेतात सगळे पाणी एकदम न सोडता ठिबकने द्यावे तसा हा प्रकार आहे.

तिसरी गोष्ट कार्बन डायऑक्साइडची. लँथॅनम व कॅल्शियम यांची ऑक्साइडे अल्कधर्मी असल्याने हा वायू पृष्ठभागावर धरला जातो व सक्रिय जागा अडवतो. समीकरणाच्या छेदात त्याचे पद म्हणूनच येते. न वापरलेला मिथेन परत फिरवताना त्याबरोबर कार्बन डायऑक्साइडही परत आला तर उत्प्रेरक मंदावतो. तो किती काढून टाकायचा, याचा निर्णय या पदाच्या आधारे घेता येतो.

सूक्ष्मगतिकीय प्रतिमाने व उताऱ्याची मर्यादा

१९८८ मध्ये जे लॅबिंगर यांनी मूलकांच्या गतिकीवरून प्रश्न उपस्थित केला की या प्रक्रियेच्या निवडकतेला अंगभूत मर्यादा तर नाही ना. त्यांचा युक्तिवाद असा होता की मिथेनमधील हायड्रोजन ओढून घेणारी कोणतीही सक्रिय जागा एथेनमधील हायड्रोजनही ओढणारच, आणि एथेनचा बंध कमकुवत असल्याने अधिक वेगाने ओढणार. अशा परिस्थितीत उतारा ३० टक्क्यांच्या आसपास थबकला पाहिजे.

२००३ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील यी सान सू, जॅकी यिंग व विल्यम ग्रीन यांनी हाच प्रश्न अधिक काटेकोरपणे सोडवला. एखादा विशिष्ट उत्प्रेरक न घेता त्यांनी उष्मागतिकीच्या नियमांत बसू शकेल असा कोणताही उत्प्रेरक गृहीत धरला, पृष्ठभागावरील टप्प्यांना शक्य तितके अनुकूल वेग दिले आणि वायूतील मूलकांच्या अभिक्रिया ज्ञात वेगांनी चालू दिल्या. नेहमीच्या भरलेल्या थरातून दोन्ही वायू एकत्र सोडण्याच्या पद्धतीत द्विकार्बनी संयुगांचा उतारा २८ टक्क्यांच्या वर जाऊ शकत नाही, असे उत्तर आले. प्रयोगशाळांतून वर्षानुवर्षे मिळालेले सर्वोत्तम आकडे याच पातळीच्या आसपास आहेत.

हा निष्कर्ष प्रस्तुत विषयातील सर्वांत मोलाचा म्हणता येईल. व्यवसाय परवडण्यासाठी सुमारे ३० टक्के उतारा हवा, असा अंदाज या क्षेत्रातील लेखनात वारंवार येतो. म्हणजे आदर्श उत्प्रेरकही उंबरठ्याच्या आतच अडखळतो. केवळ आणखी नवे मिश्रण, आणखी एक धातू, या वाटेने जाणाऱ्या शोधाला येथे गणिताने सीमा आखून दिली. त्याच वेळी त्या सीमेच्या अटीही नेमक्या सांगितल्या गेल्या: दोन्ही वायू एकत्र, थर एकच, उत्पादित शेवटपर्यंत आतच. यांपैकी एखादी अट मोडली, तर ती सीमा लागू राहत नाही.

बेल्जियममधील गेंट विद्यापीठात सन, थिबॉ व मारँ यांनी २००८ मध्ये मांडलेल्या प्रतिमानाचा उपयोग वेगळा आहे. त्यात वायूतील अभिक्रियांचे वेग सर्व उत्प्रेरकांसाठी समान ठेवून उत्प्रेरकाचे वेगळेपण मोजक्या गुणधर्मांनी व्यक्त केले आहे: ऑक्सिजन पृष्ठाला किती घट्ट बांधला जातो, हायड्रोजन ओढताना किती ऊर्जा लागते वा सुटते, सक्रिय जागा किती दाट आहेत, इत्यादी. हे गुणधर्म संगणकावर बदलून पाहिले की कोणत्या दिशेने उत्प्रेरक सुधारावा याचा अंदाज येतो. ऑक्सिजन फार सैल बांधला तर जागा रिकाम्या राहतात, फार घट्ट बांधला तर तो हायड्रोजन ओढण्यास निरुपयोगी ठरतो.

मर्यादा ओलांडण्याचे प्रयत्न

उत्पादित तयार होताच बाहेर काढणे हा सर्वांत सरळ उपाय होय. १९९३ मध्ये टोंकोविच, कार व एरिस यांनी अभिक्रिया व पृथक्करण एकाच यंत्रणेत गुंफून ५० टक्क्यांच्या आसपास उतारा दाखवला. १९९४ मध्ये व्हायेनास व सहकाऱ्यांनी वायू सतत फिरता ठेवून आणि एथिलीन वाटेतच शोषकावर अडकवून एथिलीनचा ८५ टक्क्यांपर्यंत उतारा नोंदवला. हे आकडे पूर्वोक्त २८ टक्क्यांशी विसंगत नाहीत, कारण येथे एथिलीन पुन्हा उत्प्रेरकावर जातच नाही. मात्र इतक्या गरम वायूला थंड करणे, गाळणे व पुन्हा तापवणे मोठ्या प्रमाणावर महाग पडते.

केलर व भसीन यांची आळीपाळीची पद्धतही नव्या रूपात परतली आहे. तिच्यात मिथेनची गाठ मोकळ्या ऑक्सिजनशी पडत नसल्याने वायूतील जळण बरेच टळते.

प्रतिमान बांधताना होणारी फसगत

प्रतिमान जेवढे मोजमापांवर उभे, तेवढेच खरे असते. युग्मनात मोजमापच अवघड आहे. अभिक्रिया इतकी उष्णता सोडते की उत्प्रेरकाच्या थरातील तापमान बाहेर लावलेल्या तापमापकापेक्षा शंभर अंशांहूनही अधिक असू शकते. तापमापकाचा आकडा समीकरणात घातला तर सक्रियण ऊर्जाच चुकीची निघते, आणि पुढचा सारा डोलारा तिच्यावर उभा राहतो. म्हणून गतिकीय प्रयोगांसाठी थर पातळ ठेवतात, उत्प्रेरक निष्क्रिय कणांत मिसळतात, वायू विरळ करतात आणि रूपांतर मुद्दाम अल्प राखतात. दाण्याच्या आत ऑक्सिजन पोहोचण्यास लागणारा वेळ मोजमापात मिसळला नाही ना, हे दाण्याचा आकार बदलून तपासतात.

दुसरी अडचण अशी की दहा टप्प्यांचे वीस-पंचवीस स्थिरांक थोड्या मोजमापांवर बसवताना अनेक वेगवेगळे संच सारखेच चांगले जुळतात. जुळणी चांगली म्हणजे यंत्रणा खरी, असे त्यावरून म्हणता येत नाही. पुढे आणि मागे जाणाऱ्या टप्प्यांच्या वेगांचे गुणोत्तर समतोल स्थिरांकाशी जुळते का, आत गेलेला कार्बन तेवढाच बाहेर आला का, हे तपासल्यावाचून कोणतेही प्रतिमान स्वीकारू नये. घातांकी समीकरणे मोजलेल्या पल्ल्याबाहेर वापरणे तर विशेष धोक्याचे. प्रयोगशाळेत वातावरणाच्या दाबाला मिळालेली समीकरणे दहापट दाबाच्या कारखान्याला लावली, तर वायूतील अभिक्रियांचा वाटा पार बदललेला असतो.

उष्णतेचा हा उपद्रव उपयोगातही आणता येतो. थंड वायू आत सोडून अभिक्रियेच्या स्वतःच्या उष्णतेवर थर तापता ठेवायचा, ही स्वयंतापी पद्धत होय. अशा पात्राच्या एकाच परिस्थितीत दोन स्थिर अवस्था संभवतात, एक पेटलेली व एक विझलेली. ह्यूस्टन विद्यापीठातील वेमुरी बालकोटय्या व सहकाऱ्यांनी युग्मनासाठी या अवस्थांचा गणिती अभ्यास केला आहे. चुलीत लाकूड एकदा पेटले की फुंकर कमी केली तरी जळत राहते, त्यातलाच हा गुणधर्म आहे.

औद्योगिक वापर

अमेरिकेतील सिल्युरिया टेक्नॉलॉजीज या कंपनीने २०१५ मध्ये टेक्ससमधील ला पोर्ट येथे ब्रास्केम कंपनीच्या आवारात प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू केला. २०१९ मध्ये हे तंत्रज्ञान मॅकडरमॉट या अभियांत्रिकी कंपनीकडे गेले. एथेन व नॅफ्था यांच्या भंजनातून मिळणाऱ्या एथिलीनशी किमतीत टक्कर देणे, आणि बाहेर पडणाऱ्या सौम्य मिश्रणातून एथिलीन वेगळे काढण्याचा खर्च, हे प्रसारातील मुख्य अडथळे आहेत.

भारतातील संशोधन

पुणे येथील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत व्ही. आर. चौधरी यांच्या नेतृत्वाखाली मिथेनच्या रूपांतरावर दीर्घकाळ काम झाले. विरल मृदा धातू मिसळलेल्या मॅग्नेशियम व कॅल्शियम ऑक्साइडांवरील युग्मन, तसेच मिथेनपासून संश्लेषण वायू मिळवताना उष्णता सोडणारी व शोषणारी अभिक्रिया एकाच थरात जुळवून घेणे, हे या कामाचे महत्त्वाचे विषय होते. उष्णतेचा हिशेब जागच्या जागी मिटवण्याची ही कल्पना, थर अतितप्त होण्याच्या वर सांगितलेल्या अडचणीशी थेट निगडित आहे. १९९७ मध्ये चौधरी, किनगे व चौधरी यांचा गॅलियमयुक्त झिओलाइटवर ऑक्सिजनविना, तुलनेने कमी तापमानाला मिथेन सक्रिय करण्यासंबंधीचा निबंध ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात मिथेनबरोबर अल्कीन किंवा मोठे अल्केन सोडल्यास मिथेनचेही अरोमॅटिक संयुगांत रूपांतर होते, असे दाखवले होते. ऑक्सिजन नसल्याने या मार्गात जळून जाण्याचा प्रश्न उद्भवत नाही. तेथे गतिकीय प्रतिमानापुढील प्रश्न वेगळा असतो, तो म्हणजे उत्प्रेरकावर साचत जाणाऱ्या कोळशाचा वेग.